भाजे मुक्कामाची पावती

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात, मी पियानो जुळवायला जातो. हे सांगितलं की समोरचा माणूस हसतो आणि मग विचारतो, "त्याचे पैसे मिळतात का हो?" मिळतात. ह्या खेपेला मात्र ते सिद्ध करायची वेळ आली होती. आणि त्यापायी मला असा एक प्रवास घडला की परत येऊन इतके दिवस झाले तरी मी भेटेल त्याला धरून सांगत सुटलो आहे. सांगून कंटाळा येत नाही, म्हणून आता लिहूनच काढतो.

आधी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. कॅम्पातल्या एका गोवेकर मेस्ताच्या, म्हणजे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली मी हे काम शिकलो. पुण्यात माझं छोटं दुकान आहे, तिथे भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त होतात. वर्षातून एकदा, दसरा उलटला की, मी लोणावळ्याची फेरी करतो. तिथल्या बंगल्यांतले पियानो चार महिने पावसाची ओल पिऊन बसलेले असतात. पट्ट्या फुगतात, तारा उतरतात, हातोड्यांना बुरशी येते. दिवाळीत मुंबईची मंडळी यायच्या आत ते सगळं ठीक करून द्यायचं असतं.

मागच्या वर्षी इन्कमटॅक्सच्या कचेरीत माझे कागद तपासताना साहेबांनी त्या फेरीतला खोलीभाड्याचा खर्च तांबड्या पेन्सिलीने खोडला. साहेब तरुण, बोलायला सभ्य. म्हणाले, "पुण्याहून लोणावळा दोन तासांवर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. रात्री राहिलात ते हवेसाठी." मी सांगू लागलो की ताणलेली तार रात्रीतून पुन्हा उतरते, ती सकाळी परत चढवावीच लागते. ते म्हणाले, "हे तुम्ही सांगता. कागद काय सांगतो?" कागद काहीच सांगत नव्हता, कारण कागदच नव्हता. मी रागाने लाल झालो आणि काहीतरी वेडंवाकडं बोलून बाहेर पडलो.

तो खर्च धरला तर माझी मिळकत कराच्या रेषेखाली राहते, नाही धरला तर वर जाते. माझी पत्नी यमुना दुकानाचा हिशेब ठेवते आणि तिचा हिशेब साहेबांपेक्षा कडक आहे. ती म्हणाली, "ह्या वर्षी खर्च मंजूर झाला नाही तर ती फेरी बंद. पदरचे घालून दुसऱ्यांचे पियानो वाजवायचे नाहीत." तिचं चूक नव्हतं. पण ती फेरी म्हणजे माझ्या वर्षाचा सगळ्यात गोड तुकडा, आणि त्याहून जास्त म्हणजे साहेबांच्या लेखी मी थापाड्या ठरलो होतो, ते डोक्यातून जात नव्हतं. यमुनेने एक वही दिली आणि बजावलं, "प्रत्येक रात्रीचा कागद आणायचा. एक रात्र जरी कागदावाचून राहिली, तरी साहेब म्हणतील की त्या रात्री हिंडत होता, म्हणजे बाकीच्याही रात्री हिंडतच होता."

लोणावळा

तळेगाव मागे पडलं आणि खिडकीतून मावळ दिसू लागलं, तशी माझी वही, साहेब, पेन्सिल सगळं विसरायला झालं. ज्यांनी हा मुलूख पावसाळा सरल्या सरल्या पाहिला नाही त्यांना कसं सांगू? भाताची खाचरं वरून पिवळी आणि बुडाशी हिरवी. बांधाबांधावर सोनकीची फुलं. डोंगराच्या अंगावरून अजून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. आमच्या पेठेत सकाळी उठून पाहावं तर समोरच्याची भिंत, आणि इथे नजर पोचेल तिथवर अडवायला कोणी नाही. विजेचं इंजिन धूर न काढता आम्हाला ओढत होतं, त्यामुळे डोळे उघडे ठेवून बाहेर बघता आलं, हेही भाग्यच.

बाजाराजवळच्या एका खाणावळीच्या माडीवर मी खोली घेतली आणि पहिल्याच मिनिटाला पावतीची गोष्ट काढली. मालक चष्म्यावरून बघत राहिले. "पावती कशाला? पैसे परत मागणार आहात का?" म्हणाले. सगळं समजावल्यावर त्यांनी चिक्की बांधायच्या कागदाचा एक तुकडा काढला, त्यावर दोन रात्रींची रक्कम लिहिली, खाली सही केली आणि वर थोडी चिक्कीही ठेवली. पावती खिशात घातली तेव्हा ती तुपकट झाली होती. पण होती.

ह्या खेपेला काम एकच, एका पारशी बाईंच्या बंगल्यातलं. बाईसाहेब त्याच दुपारी मुंबईला जायला निघाल्या होत्या. मजुरी आगाऊ देऊन त्या म्हणाल्या, "मास्तर, बरोबर करजो, दिवाळीला पोरी वाजवणार," आणि टांग्यात बसल्या. मागे राहिला धोंडूभाऊ, बंगल्याचा माळी. पन्नाशीचा, अंगाने काटक, बोलायला मोकळा. त्या मोठ्या रिकाम्या दिवाणखान्यात मी तारा चढवत होतो आणि तो दाराशी उकिडवा बसून सारा वेळ ऐकत होता. संध्याकाळी सगळे सूर जागेवर आले तेव्हा मी सहज एक चीज वाजवली. धोंडूभाऊ म्हणाला, "झालं व्हय काम?"

"उद्या सकाळी कळेल."

सकाळी मी येण्याआधीच तो दार उघडून बसला होता. मी पट्टी दाबली आणि त्याने मान हलवली. "उतारला की वो. काल गोड वाटत हुता." ह्या माणसाचे कान बघून मी चाटच पडलो. पुन्हा चावी घेतली आणि दुसरा सगळा दिवस त्याच तारांमागे गेला. दुसऱ्या रात्रीनंतर, तिसऱ्या दिवशी सकाळी, पियानोचे सूर जिथे ठेवले होते तिथेच सापडले. मला इतका आनंद झाला की मी धोंडूभाऊला खुर्चीवर बसवून त्याच्याकडून एक पट्टी दाबून घेतली. त्याने एका बोटाने दाबली आणि हात चटकन मागे घेतला.

मग तो खरी गोष्ट बोलला. "मास्तर, आमी भाज्याचं. तितं आमच्या आबाच्या घरी देवळाची पेटी हाय. उंदरांनी भाता खाल्लाय. कोजागिरीपास्नं काकडा बसतोय अन् पेटी बोलत न्हाई. तुमी येता का? गाव दोन रुपये दील."

दुपारच्या गाडीने मी पुण्याला परतणार होतो. यमुनेने दोनच रात्रींचा हिशेब धरला होता. तरी पण मी विचारलं, "भाजे म्हणजे लेण्यांचं भाजे ना?" आणि उत्तर यायच्या आत हत्यारांची पेटी बंद केली.

भाजे

मळवलीला उतरून आम्ही चालत निघालो. बांधावरून जाताना भाताचा असा वास येत होता की भुकेला आमंत्रणच. धोंडूभाऊचे थोरले बंधू रखमाजी, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, खळ्यासाठी जागा सारवून घेत होते. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "हे पेटीवालं पाव्हणं? लय बारीक हायती. जेवलं का न्हाई?"

पेटी पाहिली. भात्याला उंदरांनी दोन भोकं पाडली होती आणि आतल्या चार सुरांना गंज. गंज तासाभरात घासून काढला. भात्याला नवं कातडं लावलं, सरस चोपडला आणि फळीखाली दगडाने दाबून ठेवला. डोंगराच्या कुशीतली ती हवा इतकी ओली की सरस काही केल्या वाळेना. आबांनी तीन वेळा येऊन बोटाने तपासला. शेवटी मी म्हणालो, "आबा, हा रात्रभर असाच ठेवायला हवा. घाईने बसवला तर काकड्याच्या मध्यात सुटेल."

"मग ऱ्हावा की. कोन हाकलतंय?"

म्हणून दिवस मावळेपर्यंत हात मोकळेच होते आणि धोंडूभाऊ मला वर लेण्यांकडे घेऊन गेला. चढताना मी मनाशी हिशेब करत होतो की हा दीड तास कोणत्या सदरात घालायचा. वर पोचलो आणि हिशेब संपला. केवढी ती कमान. आत छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून जागच्या जागी आहेत. लाकडाला कीड कशी लागते ते मी रोज बघतो, तेव्हा माझा विश्वास बसेना. मी खिशातून सूर तपासायचा पोलादी काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचं बूड एका खांबाला टेकवलं. त्या बारीकशा आवाजाने सगळी लेणी भरून गेली. धोंडूभाऊने हातातली काठी खाली ठेवली. आवाज विरला तेव्हा तो हळूच म्हणाला, "पुन्यांदा करा." मी पुन्हा केलं, मग त्याने केलं, मग मी. दोन जाणती माणसं तिथे काटा आपटत बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा येत होता.

पुढच्या एका लेण्यात भिंतीवर एक बाई कोरली आहे. ती मांडीशी वाद्यं घेऊन दोन्ही हातांनी वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. मी तिच्या बोटांची ठेवण निरखून पाहिली. ज्याने ती कोरली त्याने वाजवणारीला समोर बसवून पाहिलं होतं, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो.

परत आलो तेव्हा आबांच्या घरच्या मावशींनी खेकड्यांचा रस्सा केला होता. खाचरातले खेकडे, पाट्यावर वाटलेलं खोबरं आणि मिरची, सोबत तांदळाची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला आधी "काय घेणार?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत, वाढतात, आणि नको म्हटलं तर ऐकू आलं नाही असं दाखवतात. तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशी म्हणाल्या, "रडू नका, अजून हाय." मी दोनदा मागून घेतला आणि नव्या घोंगडीवर आडवा झालो तो थेट उजाडेपर्यंत.

सकाळी सरस पक्का. भाता बसवला, पट्टी दाबली आणि पेटी बोलली. आबांनी डोळे मिटून एक अभंग लावला. पाणी आणायला निघालेल्या बायका हंडे घेऊनच थांबल्या. मी साथ करत होतो आणि मनात म्हणत होतो, ही फेरी मी बंद कशी करू?

निघताना मी पाकीट काढलं आणि मुक्कामाचे किती द्यायचे म्हणून विचारलं. आबांचा चेहराच उतरला. "आमच्या घरात निजल्याचं पैसं? आमी धर्मशाळा काडलीय का?"

मी माफी मागितली. पण कागद तर हवाच होता. लोणावळ्याच्या दोन रात्रींनंतर तिसरी रात्र वहीत कोरी दिसली असती. म्हणून मी चाचरत सांगितलं की पुण्यातले एक साहेब मी रात्री कुठे राहिलो ते विचारतात, त्यांना तुमच्या हातचं लिहून हवं.

आबांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "आसं व्हय. तुमची वेवस्ता नीट झाली का न्हाई ते साहेबाला पायजे." मी म्हणालो, तसं नाही, त्यांना फक्त मुक्काम हवा आहे. "तेच की," आबा म्हणाले. "गावाला नाव ठिवायला जागा ऱ्हायला नको. गुरुजीला बोलवा."

शाळेचे गुरुजी दौत घेऊन आले. आबा ओसरीवर बसून सांगत होते, गुरुजी लिहीत होते. मला मावशींनी आत पोहे खायला बसवलं होतं, त्यामुळे एक शब्दही ऐकता आला नाही. बाहेर आलो तेव्हा कागदाची घडी भाताच्या शिताने चिकटवून झाली होती. आबा म्हणाले, "साहेबाच्याच हातात द्या. मधी उघडू नका. ज्याची चिट्टी त्यानं वाचावी." मी शब्द दिला. मावशींनी पायलीभर जुना अंबेमोहोर फडक्यात बांधून माझ्या हातात कोंबला. मी नको नको म्हणत होतो, आणि ते त्यांना ऐकू आलं नाही.

पुणे

मी घरात पाऊल टाकताच यमुनेने कागद मागितले. खाणावळीची पावती तिने चुलीजवळ धरून वाचली. भाज्याच्या घडीकडे बघून म्हणाली, "उघडा." मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "आत काय लिहिलंय हे माहीत नसताना साहेबांपुढे ठेवणार?" मी म्हणालो, शब्द दिलाय. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. भात मात्र त्याच तांदळाचा शिजवला आणि शेजारचे लोक वास कसला म्हणून विचारून गेले.

कचेरीत साहेबांनी खाणावळीची तुपकट पावती दोन बोटांनी उचलली. "ही राहिल्याची पावती. कामासाठी राहिल्याची नाही. एक पियानो, दोन रात्री. का?" मी पुन्हा तारांचं सांगितलं. ते पुन्हा म्हणाले, "हे तुम्ही सांगता." तांबडी पेन्सिल हातात आली. तेव्हा मी भाज्याची घडी पुढे सरकवली. साहेबांनी शीत खरवडून ती उघडली आणि कारकुनाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले.

"रा. रा. साहेब यांसी मुक्काम भाजे येथून रखमाजी याचा रामराम. आपण पाहुण्याच्या मुक्कामाची चौकशी केली असे समजले. तरी पाहुण्याचे काही हाल झाले नाहीत. रात्री खेकड्याचा रस्सा वाढला. पाहुण्यास घाम फुटला परंतु दोन वेळा मागून घेतला. निजण्यास नवी घोंगडी दिली. डोंगरातील लेणी दाखवली, पाहुणा लय खूश झाला."

तो 'लय' गुरुजींनी आबांच्या तोंडचा तसाच ठेवला होता. कारकून खाली मान घालून हसत होता. मला आता खरोखरच घाम फुटला. मी हवा खायला गेलो होतो हे सिद्ध करायला साहेबांना ह्याहून चांगला कागद मिळाला नसता, आणि तो मी स्वतःच्या हाताने जपून आणून दिला होता. आता फेरी गेली, असं मला वाटलं. साहेब पुढे वाचू लागले.

"सरस ओला असल्याकारणाने भाता बसेना म्हणून पाहुण्यास ठेवून घ्यावे लागले. सरस असो की तार असो, रात्र गेल्याविना त्याचे खरे कळत नाही असे पाहुण्याने सांगितले. बंगल्यातील बाजाही सकाळी उतरला होता व पाहुण्याने तो परत चढवला, हे आमच्या धोंडूने कानांनी ऐकले आहे. निघताना पायलीभर जुना तांदूळ दिला. पाहुणा घेत नव्हता, बळेच दिला."

साहेब थांबले. "हा तांदूळ मिळकतीत धरलेला दिसत नाही."

"विसरलो," मी म्हणालो. "धरा. आम्ही तो खाल्ला."

त्यांनी तांदूळ मिळकतीत लिहिला. मग उरलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. वाचून झाल्यावर कागद माझ्याकडे फिरवला आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. तिथे होतं: "मुक्कामाचे पैसे घेतले नाहीत, तशी रीत नाही. पाहुणा खरा माणूस आहे. त्याच्या शब्दावर कागद मागू नये. आपण आलात तर आपल्यालाही मागणार नाही."

"ह्या रखमाजींची आणि तुमची ओळख किती वर्षांची?" साहेबांनी विचारलं.

"एका रात्रीची."

त्यांनी तांबडी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "पढवून लिहून घेतलं असतं तर त्यात खेकडे आले नसते." आणि लोणावळ्याच्या दोन्ही रात्रींपुढे शाईने मंजूर असं लिहिलं. तांदूळ धरूनसुद्धा मी रेषेखालीच राहिलो. फेरी वाचली.  मी कागदासाठी हात पुढे केला.

साहेब म्हणाले, "हा फाइलीला लागेल."

"पण हा मला हवाय."

"मग खर्च मंजूर होणार नाही. कागद इथेच राहिला पाहिजे." त्यांनाही ते सांगताना वाईट वाटत होतं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मग त्यांनी कारकुनाला एक कोरा कागद आणि टाक द्यायला सांगितला.

बाहेरच्या बाकावर बसून मी ते पत्र अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं, खेकड्यांसकट, लयसकट. शेवटी आबांच्या अंगठ्याचा ठसा होता. तो तेवढा मला उतरवता आला नाही.